पायविहीरचें रान

आमच्या वाशीम जिल्ह्याच्या उत्तरेस, गाविलगडच्या डोंगरांच्या पायथ्याशीं पायविहीर हें कोरकू लोकांचें लहानसें गांव आहे. तेथील टेकड्या बोडक्या झाल्या होत्या. पोटासाठीं माणसें परगांवीं जात. ‘खोज’ या सेवाभावी संस्थेच्या साहाय्यानें ग्रामसभेनें २००६ चा वनहक्क कायदा समजून घेतला आणि २०१२ सालीं सुमारें १९० हेक्टर रानावर गांवाचा सामुदायिक हक्क मान्य झाला. कायदा वाचावयास शिकणें, हेंच आमच्या मतें खरें प्रौढशिक्षण! पुढें गांवानें कुऱ्हाडबंदी केली, झाडें लाविलीं, सीताफळें थेट मुंबईस धाडिलीं. २०१४ सालीं त्यांस भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. आमच्या मालेगांव-रिसोडकडील टेकड्यांवरही सीताफळें होतात. तीं कोण तोडतो व काय भावानें विकतो, हें येत्या सुटींत आम्ही पाहणार आहों.