आधी क्रम ठरव, मग झाड

अगं, फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी छोटी प्रोग्रॅमिंग भाषा लिहितेयस आणि तिच्यात सॉर्टेड मॅपही घालणार म्हणालीस, ते ऐकून फार बरं वाटलं. गाइडना तो जादाचा वाटतोय, तरी मागे हटू नकोस. 'दुपारी 2 ची किंवा त्यानंतरची पहिली अपॉइंटमेंट कोणती?' या प्रश्नापुढे हॅश मॅप हतबल असतो. मग लोक दर वेळी सगळ्या की काढून सॉर्ट करत बसतात. जावाच्या ट्रीमॅपमध्ये त्यासाठी 'सीलिंगकी' आहे. 10 लाख की असल्या तरी फार तर 40 तुलनांत उत्तर हाती येतं.

रेड-ब्लॅक ट्री निवडलास ते चांगलंच केलंस, ट्रीमॅपच्या आतही तोच आहे. बॅलन्स न करणारा साधा बायनरी सर्च ट्री मात्र चुकूनही ठेवू नकोस. की चढत्या क्रमाने आल्या की प्रत्येक नवा नोड उजवीकडेच लटकतो आणि झाडाची सरळ यादी होऊन बसते. वेळेच्या नोंदी तर बहुतेकदा चढत्याच येतात. सवड मिळाली की रस्टचा बीट्रीमॅपही वाच. त्यात एका नोडमध्ये 11 पर्यंत की शेजारीशेजारी असतात, त्यामुळे मेमरीत उड्या कमी पडतात.

पण झाड कुठलं हा प्रश्न नंतरचा गं. मला काळजी आहे ती तुलनेची. जावात बिगडेसिमलचे 2.0 आणि 2.00 हॅशसेटमध्ये टाक, दोन नोंदी दिसतील. तेच ट्रीसेटमध्ये टाक, एकच उरेल. कारण झाडाच्या लेखी तुलनेचं उत्तर शून्य आलं की दोन्ही की एकच. आता समज, तू अपॉइंटमेंटची तुलना फक्त वेळेवर केलीस आणि अडीचला दोन पेशंट आले. दुसऱ्याची नोंद पहिल्याच्या जागी बसेल. एरर नाही, वॉर्निंग नाही, पहिल्या पेशंटची नोंद मात्र गायब. म्हणून वेळ सारखी असेल तर पेशंटच्या नंबरावर तुलना करायची.

दशांश संख्यांचंही तसंच. 'नॅन' कुणाहून लहान नाही, मोठा नाही, स्वतःच्याही बरोबरीचा नाही. म्हणून रस्ट साध्या फ्लोटला बीट्रीमॅपची की होऊच देत नाही, कंपाइल होतानाच अडवतं. तूही तसंच कर. वापरणाऱ्याला थोडा राग येईल, येऊ दे.

पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत आजही सॉर्टेड मॅप नाही, लोक बाहेरून 'सॉर्टेडकंटेनर्स' आणतात. माझं मत विचारशील तर ही सोय भाषेतच हवी. नाहीतर तुलनेचे हे नियम जो तो आपापल्या परीने लावतो.

तेव्हा त्या अडीचच्या दोन पेशंटांची टेस्ट झाडाच्या कोडआधी लिही, आणि लिहिलीस की मला पाठव.