शाळेच्या वेळेतला मधुमेह

मधुमेह म्हटला की पन्नाशी उलटलेले, पोट सुटलेले गृहस्थ आणि त्यांचा बिनसाखरेचा चहा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण सहा-सात वर्षांच्या मुलालाही मधुमेह होतो, आणि तो बहुधा निराळा असतो. त्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते व त्या नष्ट करते. याचा गोड खाण्याशी वा आईबापांच्या लाडांशी काही संबंध नाही. काढ्यांनी तो जात नाही. इन्सुलिन बाहेरून टोचावेच लागते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम दिले गेले. त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत.

आम्हा कॉमर्सवाल्यांना यातले गणित चटकन उमगावे. अन्न ही साखरेची जमा. खेळ व इन्सुलिन हा खर्च. तुमच्या-आमच्या शरीरात हा मेळ आपोआप बसतो, या मुलाला तो दिवसभर हाताने घालावा लागतो. घरी आई लक्ष ठेवते, पण दुपारच्या डब्याआधीचे इंजेक्शन नेमके शाळेत येते. माझा मावसभाऊ आठवीत आहे. पहिले वर्षभर तो हे इंजेक्शन मुतारीच्या आडोशाला घेत असे, कारण वर्गात सुई काढलेली बाईंना चालत नसे. जागा घाणेरडी आणि मात्रा घाईत मोजलेली! त्याला हवा होता तो एक बाक आणि हात धुण्याची सोय, बस्स.

घाईत मोजणे किती महागात पडते पाहा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या मिळतात, तशाच १०० युनिटच्याही. आणि प्रत्येकीची सिरिंज वेगळी. १०० च्या बाटलीतले औषध ४० च्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढले, तर पोटात १० नव्हे, २५ युनिट जातात!

खरा धोका साखर वाढण्यापेक्षा एकाएकी उतरण्याचा. वाढली तर तहान लागते, वारंवार लघवीला होते. त्या मुलाला तासात बाहेर सोडावे व पाणी पिऊ द्यावे, आणि घरी कळवावे. पण १०० मिलिलिटर रक्तात साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, भूक लागते. कधी मूल उगाच चिडते, कधी फळ्याकडे नुसते बघत राहते. मास्तरांना वाटते, आगाऊपणा करतो आहे किंवा झोप काढतो आहे. अशा वेळी तीन चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यातून ताबडतोब द्यावे, पंधरा मिनिटांनी रक्त पुन्हा तपासावे, कमीच असेल तर पुन्हा तेवढेच द्यावे. पेढा किंवा चॉकलेट देण्याचा मोह होतो, पण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवून रुग्णालय गाठावे. आणि चक्कर येते म्हणणाऱ्या मुलाला एकट्याने घरी तर मुळीच धाडू नये.

म्हणून त्याला पी. टी.च्या तासाला बसवून ठेवावे काय? अजिबात नाही. धावण्याआधी साखर पाहावी, लागल्यास थोडे खावे, आणि ग्लुकोजचा पुडा कपाटात कुलपाआड न ठेवता मैदानावर न्यावा. खेळाचा परिणाम रात्रीपर्यंत टिकतो, हे घरच्यांना कळवलेले बरे.

परीक्षेचे म्हणाल, तर सी. बी. एस. ई.ने २०१७ सालीच अशा परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी जवळ बाळगण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र लिहिले व त्याच वर्षी उत्तर प्रदेशाने शाळांना वर्गात तपासणी, इन्सुलिन व खाणे यांस परवानगी देण्याचे आदेश काढले. पण खेड्यातल्या शाळेपर्यंत कागद पोचायला वेळ लागतो.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण. मूल 'घेरी येते' म्हणते आणि नव्याने बदलून आलेल्या कन्नड शिक्षकांना ते उमगत नाही. त्यांना 'तले तिरुगुत्तदे' म्हटले की लगेच कळते. मावसभावाच्या दप्तरात आता एक पुठ्ठ्याचे कार्ड असते: एका बाजूस मराठी, दुसरीस कन्नड, काय द्यावे, काय देऊ नये, कोणाला फोन करावा. मजकूर मी लिहिला, कन्नडातले माझे ऱ्हस्व-दीर्घ आमच्या वर्गातल्या एका मित्राने सुधारले.