धावा, पण तिथी बघून!

आमच्या हॉस्टेलच्या मेसमधलं कालनिर्णय कधी नीट बघितलंय का? त्यावर रोजच्या चौकटीत पेन्सिलीने बारीक आकडे लिहिलेले असतात. मेसवाल्या काकांना वाटलं, आम्ही त्यांच्या दुधाचा हिशेब तपासतोय. फर्स्ट इयरच्या पोरांना वाटलं, कुणाची तरी उधारी आहे. खरं म्हणजे त्या भरतीच्या वेळा आहेत आणि त्या लिहिण्यामागे आमच्या एका चांगल्याच फजितीची गोष्ट आहे. ती सांगतोच, पण आधी थोडा अभ्यास.

मी घाटावरचा, कराडकडचा. रत्नागिरीत सिव्हिलला प्रवेश मिळेपर्यंत समुद्र दोनदाच पाहिलेला, तोही सहलीत. धावायची सवय मात्र शाळेपासूनची. गावाकडे धावणं म्हणजे सोपं काम होतं : कॅनॉलचा रस्ता धरायचा, दगड मोजत पाच किलोमीटर जायचं आणि परत यायचं. रस्ता काल होता तसाच आज. इथे आल्यावर पहिल्यांदा कळलं की काल पळालेला रस्ता आज पाण्याखाली असू शकतो!

रत्नागिरीत पळायला जागा भरपूर. मांडवीचा काळा समुद्र आहे. तिथली वाळू काळी, कारण तिच्यात इल्मेनाइटसारखी जड खनिजं आहेत. दिसायला झकास, पण ऊन चढलं की तव्यासारखी तापते. रत्नदुर्ग ज्या डोंगरावर आहे तो घोड्याच्या नालासारखा समुद्रात शिरलेला. तिथे भगवती मंदिराकडे चढणारा रस्ता छोटा, पण छाती भरून येईल असा. पलीकडे पांढरा समुद्र आणि मिऱ्या. मिऱ्याला लाटा जमीन खातात म्हणून धूपप्रतिबंधक बंधारा घातलाय. सिव्हिलवाल्यांनी तो बघायला जरूर जावं, पण बंधाऱ्याच्या दगडांवरून पळू नये. काजळी नदीचा पूल ओलांडला की भाट्ये लागतं. लांब सपाट किनारा, कडेला सुरूचं बन, आणि पुढे पावसकडे चढत जाणारा रस्ता. उत्तरेला गणपतीपुळ्याकडे जाणारा किनारी रस्ता साधारण २५ किलोमीटरचा. त्यात आरे-वारेचा टप्पा असा की माणूस पळायचं विसरून बघतच राहतो.

आता मुख्य मुद्दा. या किनाऱ्यावर मार्ग ठरवताना पहिला प्रश्न ‘किती किलोमीटर’ हा नाही. पहिला प्रश्न ‘पायाखाली काय आणि पाणी कुठे’ हा आहे.

वाळूचंच घ्या. कोरड्या वाळूत पळायला कठीण जमिनीच्या तुलनेत दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते. पाय रुततो, वाळू सरकते, आणि आपण मारलेल्या जोरातला मोठा हिस्सा वाळू हलवण्यातच जातो. अगदी पाण्याच्या कडेला, नुकती लाट येऊन गेलेली वाळू पाण्याने पूर्ण भरलेली असते, तीही सैल. या दोघींच्या मधे एक पट्टा असतो. तिथल्या कणांमधे थोडं पाणी, थोडी हवा, आणि केशाकर्षणामुळे कण एकमेकांना धरून बसलेले. तिथे वाळू जवळजवळ डांबरी रस्त्यासारखी लागते. सॉइल मेकॅनिक्सच्या तासाला झोपणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) हा प्रयोग पायाने करून बघावा.

ओल्या वाळूवर पाऊल दाबलं की पायाभोवतीची वाळू क्षणभर फिकट, कोरडी दिसते, हे पाहिलंय? वाटतं, दाबल्यावर पाणी वर यायला हवं. होतं उलटं. घट्ट बसलेले कण सरकायला लागले की एकमेकांवर चढतात, त्यांच्यातल्या पोकळ्या वाढतात आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. हे १८८५ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने समजावून सांगितलं. होय, तोच, ज्याचा नंबर काढताना आपण फ्लुइडच्या पेपरात चुकतो! फिकट कडं दिसलं की समजायचं, वाळू घट्ट बसलेली आहे, पळा. टाच बोटाच्या एका पेराहून खोल जायला लागली तर पट्टा बदला.

हा पट्टा सपाट नसतो, समुद्राकडे उतरता असतो. म्हणजे एक पाय सतत खाली. चार किलोमीटर तसं पळालं की घोटा आणि गुडघ्याची बाहेरची बाजू बोलायला लागते. ‘येताना उलटं होईल, हिशेब बरोबर’ असं मलाही वाटायचं. पण येईपर्यंत पाणी सरकलेलं असतं आणि उतार वेगळा मिळतो. म्हणून शक्य तितकी सपाट जागा बघायची आणि वाळूवरचं अंतर हळूहळू वाढवायचं.

सड्याची गोष्ट निराळी. सडा म्हणजे जांभ्याचं पठार. पावसाळ्यानंतर फुलांनी भरतो, मार्चमधे भट्टी होते. जांभा खडबडीत असल्याने बूट चांगला पकडतो, पण पावसात त्यावर शेवाळ आलं की काचेवर पळल्यासारखं. आणि एक विनंती : रत्नागिरीच्या सड्यांवर प्राचीन कातळशिल्पं कोरलेली आहेत. २०२२ मधे ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांच्यावरून पळत जाऊ नका, वळसा घाला.

घाटरस्त्याबद्दल फार लिहीत नाही. पाच टक्क्यांचा चढ म्हणजे किलोमीटरला ५० मीटर उंची, हे गणित सगळ्यांना येतं. लोक चढाला घाबरतात. मी उताराला घाबरतो, कारण तिथे मांडीचे स्नायू ब्रेकचं काम करतात आणि दुसऱ्या दिवशी हॉस्टेलचा जिना उतरताना त्याचं बिल येतं.

आता ती फजिती. सेकंड इयरला असताना मी आणि माझा रूमपार्टनर (तो लातूरचा, म्हणजे समुद्राच्या बाबतीत माझ्यापेक्षाही अडाणी) एका रविवारी सकाळी सहाला एका छोट्या किनाऱ्यावर गेलो. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कुणीतरी बघायला जाईल. किनाऱ्याच्या टोकाला खडकाचं नाक आहे. ते ओलांडलं की दुसरी पुळण लागते, अगदी निर्मनुष्य. त्या दिवशी नाकाखालून कोरड्या पायांनी गेलो, पळालो, परत आलो. अमावास्या होती, पण ते आमच्या गावीही नव्हतं.

बारा दिवसांनी, शुक्रवारी, पुन्हा तिथेच. वेळ तीच, सकाळी सव्वासहा. नाकाखाली घोट्याएवढं पाणी होतं. पार्टनर म्हणाला, “आज जरा जास्त आहे रे.” मी म्हणालो, “चल, गेल्या वेळी काय झालं होतं?” हे वाक्य माझं होतं, हे इथे कबूल करतो.

पाऊण तासाने परत आलो तर पाणी मांडीपर्यंत, आणि लाट आली की कमरेच्या वर. मागे कडा, पुढे पाणी, मोबाइलला रेंज नाही. आधी पार्टनर शिरला. लाटेने त्याचा तोल गेला आणि तो कालवं चिकटलेल्या खडकावर आपटला. कालवांची धार ब्लेडसारखी असते. नडगी गुडघ्याखालपासून उघडली. त्याला ओढून मागे आणताना मी पहिल्यांदा घाबरलो, खरोखर घाबरलो. त्याच्या आईला फोनवर काय सांगायचं, याची वाक्यं डोक्यात जुळायला लागली होती.

तेवढ्यात वरून हाक आली. खांद्यावर पाग घेतलेले एक आजोबा कड्यावर उभे होते. “वर या वर! त्या अंगान पाखाडी हाय!” झाडीत दडलेल्या पायऱ्या आम्हाला दिसल्याच नव्हत्या. वर पोचल्यावर त्यांनी आपल्या डोक्याचा पंचा पायाला आवळून बांधला आणि विचारलं, “तीथ कंची आज?” आम्ही गप्प. “ठाव नाय? मग खाली उतरलावच कशाला?”

नंतर त्यांनी जो हिशेब सांगितला तो असा : तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. भरती दिवसातून दोनदा, आणि तिच्या सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी.

हॉस्टेलवर येऊन मी हे ताडून पाहिलं. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, त्याच्यामागे भरतीही. पंधरा तिथींत भरतीची वेळ १२ तास सरकते, म्हणजे तिथीला ०.८ तास. आजोबांचा गुणक ०.७५. पंधराव्या तिथीला पाऊण तासाचा फरक पडतो, पण तोंडी हिशेबाला पाऊण सोपा. वारा आणि जागेप्रमाणे वेळ थोडी बदलतेच. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं असतात.

त्या शुक्रवारी द्वादशी होती. भरती नऊ-साडेनऊला, ओहोटी पहाटे तीन-सव्वातीनला होऊन गेलेली. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ नियम असा की एकूण चढाचे बारा भाग केले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ असे भाग चढतात. समजा एकूण फरक दोन मीटर, तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी अर्धा मीटर. आम्ही नाकाखालून गेलो ते नेमके चौथ्या तासात. वेळ मुद्दाम शोधली असती तरी याहून वाईट सापडली नसती.

पार्टनरला अकरा टाके पडले आणि त्याचं शनिवारचं सबमिशन मी केलं (सर, आता सांगायला हरकत नाही). पंचा धुऊन द्यायला आम्ही दोनदा गेलो. आजोबा दुसऱ्या खेपेला भेटले, म्हणाले, “ठेवा तुमच्याकडंच.”

कालनिर्णयवरचे आकडे तेव्हापासूनचे. ते पार्टनर लिहितो, मला लिहू देत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे ओहोटी, तेव्हा भाट्ये. पाणी उतरत असताना निघायचं, चढायला लागायच्या आत परत. खडकाच्या नाकापलीकडे जायचं नाहीच, तिथी कुठलीही असो. जून ते सप्टेंबर वाळू बंद, फक्त रस्ता.

उद्या अष्टमी. भरती सहाला. म्हणून उद्या भगवतीचा चढ, साडेपाचला गेटवर. कुणाला यायचं असेल तर या, बूट घालून.