आश्विनात घर सजवताना

आपल्याकडे शरद ऋतू पानगळीचा नाही. पानं गळतात ती पुढे शिशिरात. आश्विन-कार्तिकात भात पिवळं होतं, झेंडू भरात येतो, आभाळ निवळतं आणि दुपारचं ऊन चटके देतं. दुकानांत हल्ली नारिंगी कागदी पानांच्या माळा आणि प्लास्टिकचे भोपळे दिसतात, पण घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत घर सजवायला जे लागतं ते सगळं शेतात, मंडईत आणि कुंभाराकडे तयार असतं. माझं माहेर रत्नागिरीकडचं, संसार पुण्यातला. दोन्हीकडच्या रीती एका फ्लॅटमध्ये सांभाळताना जे कळत गेलं ते हे.

१. आधी ओल, मग शोभा

पावसाळा घरात बरंच काही मागे ठेवून जातो. भिंतीला ओल, कपाटामागे बुरशी, गाद्यांना कुबट वास. सप्टेंबरच्या अखेरीपासून सूर्य दक्षिणेकडे सरकत जातो, तिरपं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून थेट आत येऊ लागतं. त्या उन्हाचा पुरेपूर उपयोग करावा. कपाटं वीतभर पुढे ओढावीत, गाद्या, उशा, पाट, पितळी भांडी सगळं बाहेर काढावं. ओल आलेल्या भिंतीवर चित्र किंवा पडदा लावून ती झाकू नये, आतल्या आत मुरते. रंगाची घाईही नको. ओल्या भिंतीवर दिलेल्या रंगाला फुगे येतात आणि दिवाळीपर्यंत पोपडे निघायला लागतात.

२. झेंडू उलटा करून पाहावा

वरून सगळाच झेंडू छान दिसतो. फूल उलटं करून देठाजवळचा हिरवा पेला बघावा. तो घट्ट आणि कोरडा असेल तर फूल टिकतं. परतीच्या पावसात भिजलेलं फूल आतून काळं पडायला लागलेलं असतं आणि तोरणात दुसऱ्या दिवशी मान टाकतं. घरी आणल्यावर फुलं पिशवीत बांधून ठेवू नयेत, वर्तमानपत्रावर पसरावीत. ओवताना दाभण पाकळ्यांतून न घालता त्या हिरव्या पेल्यातून घालावा, म्हणजे फुलं वजनाने ओघळत नाहीत. आंब्याची पानं देठाकडून दुमडून ओवली की वाऱ्याने उलटीपालटी होत नाहीत.

भावाबद्दल माझं मत पक्कं आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मार्केट यार्डात झेंडूचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी एक असतो. पीक जास्त आलं की शेतकऱ्याला गाडीभाडंही सुटत नाही आणि दसरा सरल्यावर रस्त्याकडेला फुलांचे ढीग पडलेले दिसतात. जपून वाढवलेलं पीक त्याला त्या एक-दोन दिवसांत विकायचं असतं. मी या फुलांसाठी घासाघीस करत नाही.

हे फूल मूळचं मेक्सिकोकडचं. तिथेही नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, आपल्या माणसांच्या आठवणीचा सण असतो तेव्हा, याच झेंडूने घरं भरतात. हे कळल्यापासून तोरण ओवताना मला पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला फुलं मांडत बसलेल्या बायका आठवतात आणि फार बरं वाटतं.

३. दाराला 'नवं' असावं

माझ्या दृष्टीने या ऋतूतली सर्वांत सुंदर सजावट हीच. आमच्याकडे नवं पीक घरात घ्यायच्या आधी त्याची जुडी दाराला बांधतात. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान आणि कुर्डूचं फूल, सगळं एकत्र सुंभाने आवळलेलं. आजी ही जुडी बांधायची तेव्हा लोंब्यांची टोकं खाली आणि सारखी येतील अशी दोनदा-तीनदा सोडून पुन्हा बांधायची. वरच्या बाजूला सुंभाचे वेढे, त्यात पानाचा देठ खोचलेला, आणि दारातून जाता-येता डोक्याला लोंब्यांचा हलका स्पर्श व्हायचा. कोजागिरीला नवान्न पौर्णिमा म्हणतात ती याच नव्या धान्यामुळे.

पुण्यातही दसऱ्याच्या सुमारास भाताच्या लोंब्यांची तोरणं विकायला येतात. घेताना किंचित हिरवट झाक असलेल्या लोंब्या घ्याव्यात. पूर्ण वाळलेल्या लोंबीचे दाणे हात लागताच गळतात. आणल्या की टोकं खाली करून सावलीत टांगाव्यात, उन्हात नको. खिडकीपाशी टांगल्या तर चिमण्या आणि मुनिया दाणे टिपायला येतात. त्यांना हाकलू नये.

कुर्डूला शेतकरी तण म्हणून उपटतो. टोकाला गुलाबी आणि खाली रुपेरी असा त्याचा तुरा वाळला तरी आकार सोडत नाही. मूठभर कुर्डू तांब्याच्या तांब्यात, पाणी न घालता ठेवला की मार्गशीर्षापर्यंत बघायला नको. बांधावरचा कुर्डू हवा तेवढा आणावा, पण कासच्या पठारावरची सोनकी किंवा तेरडा घरात आणायचा विचारही करू नये. ती फुलं तिथेच बघायची.

४. सोनं थोडंच पुरे

घटाखालच्या मातीत पेरलेलं धान्य दसऱ्यापर्यंत वीतभर वाढतं. देवघर अंधाऱ्या कोपऱ्यात असेल तर अंकुर लांब आणि पिवळेधमक येतात, खिडकीजवळ असेल तर हिरवे आणि बुटके. मला पिवळे आवडतात. टोपीत खोचायला किंवा केसांत माळायला तेच उठून दिसतात. हे घरात उगवलेलं सोनं असताना आपट्याच्या फांद्या ओरबाडून भारे आणायची गरज नसते. बाजारात आपट्याच्या नावाने पुष्कळदा कांचनाची मोठी पानंच मिळतात. देवापुढे एक डहाळी ठेवली आणि जवळच्यांना एकेक पान दिलं, एवढं खूप झालं.

५. गेरूला फळी द्यावी

फ्लॅटच्या दारात गुळगुळीत फरशी असते, तिच्यावर गेरू धरत नाही. त्यासाठी प्लायवूडची हातभर फळी घ्यावी, गेरूचे दोन हात द्यावेत, पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको. तिच्यावर पांढरी रांगोळी जशी उठते तशी रंगीत फरशीवर उठत नाही. ठिपक्यांचा कागद घरीच करता येतो. जाड कागदावर चौकटी आखून पेटत्या उदबत्तीच्या टोकाने भोकं पाडायची. भोकाच्या कडा जळून गोल होतात, त्यामुळे रांगोळी अडकत नाही.

६. उजेड कमी करायलाही शिकावं

कोजागिरीला घरातले दिवे घालवावेत, गच्चीवर दूध आटवावं. त्या रात्रीची सजावट तेवढीच. दिवाळीतही लुकलुकणाऱ्या रंगीबेरंगी माळांपेक्षा पिवळ्या, स्थिर उजेडाची एकच माळ घराला शोभते. नव्या पणत्या रात्रभर पाण्यात ठेवून सावलीत वाळवाव्यात, नाहीतर त्या तेल पिऊन टाकतात.

७. मुलांचा किल्ला मुलांचाच

गोणपाट, विटा, लाल माती यांनी बाल्कनी भरते, मोरी तुंबते. होऊ द्यावं. मोठ्यांनी फक्त माती चाळून द्यावी आणि अळीव आणून द्यावा. ओल्या उतारावर पेरला की दोन-तीन दिवसांत हिरवळ दिसू लागते. बुरूज वाकडा असला तरी हात लावू नये.

८. आकाशकंदील सांगाड्यासाठी घ्यावा

माहीमच्या कंदील गल्लीत अजूनही बांबूच्या कामट्यांचे कंदील मिळतात, पुण्यातही शोधले तर मिळतात. घेताना कागदाच्या रंगापेक्षा आतले जोड बघावेत. कामट्या दोऱ्याने करकचून बांधलेल्या असतील तर तो सांगाडा पुष्कळ वर्षं चालतो. दरवर्षी नुसता कागद बदलायचा. खळ मैद्याची, पातळ शिजवलेली, आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं कागद कुरतडत नाहीत. मोरचूद विषारी असतो. खळ करणं मोठ्यांनीच करावं आणि त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नये.

कंदील तुळशीचं लग्न होऊन त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहू द्यावा. मग कागद भिजवून सोडवावा, झिरमिळ्या निराळ्या ठेवाव्यात, सांगाडा दोन दिवस कडक उन्हात वाळवावा आणि कडुनिंबाच्या सुकलेल्या पानांसकट जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकावा. बांबूला भुंगा लागला असेल तर कामटीखाली पिवळी पूड पडलेली दिसते. तेवढी एक कामटी काढून नवी बांधायची.