अळिंबी उत्पादन : गॅस शेगडीवरील ड्रमला सुरक्षित आधार

धिंगरी अळिंबीच्या लागवडीत काडाचे निर्जंतुकीकरण हा पायाभूत टप्पा आहे. उत्तर भारतात गव्हाचे काड, तर पूर्व व दक्षिण भारतात भाताचा पेंढा कापून, भिजवून ६५ ते ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सुमारे एक तास ठेवतात. त्यासाठी अनेक ठिकाणी अंगणात मोठ्या गॅस शेगडीवर २०० लिटरचा लोखंडी ड्रम चढविला जातो. प्रशिक्षणात तापमान व वेळ काटेकोरपणे सांगितली जाते. ड्रम कशावर ठेवावा, हे मात्र बहुधा सांगायचे राहून जाते. कलंडलेल्या ड्रममधील पाणी काही क्षणांत खोल भाजते. म्हणून आधाराची व्यवस्था हा तंत्रज्ञानाचाच भाग मानला पाहिजे.

वजनाचा हिशेब

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. १२० लिटर पाणी, १० किलो कोरडे काड आणि रिकाम्या ड्रमचे सुमारे २० किलो मिळून १५० किलो भार होतो. घरगुती शेगडीची जाळी किंवा बर्नरचे बिडाचे कडे एवढ्या भारासाठी बनविलेले नसते. तीन दगडांची किंवा सुट्या विटांची चूलही येथे चालत नाही, कारण एक वीट सरकली तरी आधार जातो. ओलसर दगड व सिमेंटचे ठोकळे थेट ज्वालेने तडकू शकतात. म्हणून भार बर्नरवर मुळीच न येता स्वतंत्र घडवंचीच्या पायांतून जमिनीवर उतरला पाहिजे.

घडवंची कशी असावी

तीन पायांची घडवंची डगमगत नाही, म्हणून ती स्थिर वाटते. परंतु ती लवकर कलंडते. मध्यापासून प्रत्येक पाय ३० सेंमी अंतरावर असेल, तर तीन पायांच्या रचनेत कलंडण्याची कड मध्यापासून १५ सेंमीवर येते. चार पायांच्या रचनेत ती सुमारे २१ सेंमीवर जाते. चारही पाय बाहेर पसरवून ४० सेंमीवर नेल्यास हे अंतर सुमारे २८ सेंमी होते. म्हणून चार पसरट पायांची, शक्य तितकी कमी उंचीची घडवंची निवडावी. बर्नर व ड्रमचा तळ यांत ज्वाला निळी राहील एवढेच अंतर ठेवावे. ज्वाला पिवळी होऊन काजळी धरत असल्यास हवा व अंतर तपासावे.

घडवंची जाड लोखंडी अँगलची, पूर्ण वेल्डिंग केलेली असावी. पायांना खालच्या बाजूस आडव्या पट्ट्या जोडाव्यात. सुमारे ६०० अंशांना पोलादाची ताकद निम्म्यावर येते. त्यामुळे भार पेलणारे भाग ज्वालेच्या थेट माऱ्यात येऊ देऊ नयेत. वरच्या चौकटीला चारही बाजूंनी ४ ते ५ सेंमी उंच कड ठेवावी, म्हणजे ड्रम सरकणार नाही. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप वापरू नयेत; तापल्यावर त्यांतून घातक धूर निघू शकतो. कीटकनाशके किंवा रसायने साठविलेला ड्रमही वर्ज्य करावा.

जागा व चाचणी

काळी भुसभुशीत जमीन भाराखाली खचते. जागा ठोकून सपाट करावी, प्रत्येक पायाखाली रुंद फरशी किंवा लोखंडी पत्रा द्यावा आणि स्पिरिट लेव्हलने समपातळी तपासावी. त्यानंतर शेगडी न पेटविता ड्रम थंड पाण्याने काठोकाठ भरून अर्धा तास तसाच ठेवावा. हा भार सुमारे २२० किलो, म्हणजे रोजच्या भाराच्या जवळजवळ दीडपट होतो. पाय खचला, वाकला किंवा सांधा उकलला, तर दोष दूर केल्याशिवाय शेगडी पेटवू नये. पावसानंतर ही तपासणी पुन्हा करावी.

गॅसची मांडणी

एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. खड्ड्यात, बंद खोलीत किंवा पडवीच्या कोपऱ्यात शेगडी लावू नये. सिलिंडर उभाच ठेवावा. ड्रम आडवा पडला तरी पाणी सिलिंडर किंवा नळीवर येणार नाही, एवढे अंतर राखावे. नळी येण्या-जाण्याच्या वाटेवर नसावी. जोडणीतील गळती साबणाच्या फेसाने तपासावी. व्यावसायिक उत्पादनासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणि बर्नरला अनुरूप रेग्युलेटरच वापरावा.

काड बाहेर काढताना

धोका सर्वाधिक असतो तो शेवटच्या टप्प्यात. १० किलो कोरडे काड भिजल्यावर ३० किलोंहून अधिक भरते. वाफाळते पोते छातीच्या उंचीवरून ओढताना ते ड्रमच्या कडेला अडते आणि ड्रमच ओढला जातो. त्यामुळे पुढील क्रम पाळावा :

• ड्रम रिकामा असतानाच घडवंचीवर ठेवावा आणि मग पाणी भरावे.
• तळाशी धातूचा कॉक बसवावा. वेळ पूर्ण होताच गॅस बंद करून पाणी कॉकवाटे नळीने दूर सोडावे.
• काड लहान पोत्यांत भरावे आणि पाणी निथळून निवल्यावरच दोघांनी मिळून बाहेर काढावे.
• लहान मुले व जनावरे दूर ठेवावीत. गरम पाण्याने भरलेला ड्रम कधीही हलवू नये.

भाजल्यास तो भाग तत्काळ वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरावा. हळद, शाई वा टूथपेस्ट लावू नये. त्यानंतर त्वरित वैद्यकीय उपचार घ्यावेत.

विस्तार कार्यकर्त्यांनी अळिंबी प्रशिक्षणाच्या साहित्य-यादीत बियाणे व पिशव्यांसोबत घडवंचीचाही समावेश करावा आणि थंड पाण्याची चाचणी प्रशिक्षणार्थींकडून प्रत्यक्ष करून घ्यावी. बचत गटांनी शेगडी घेतानाच घडवंचीचा खर्चही धरावा.