रंग शेवटी बघ

भाचीबाई, क्रोटन ओळखायला शिकायचं असेल तर पहिली सवय ही लाव: रंग शेवटी बघायचा. क्रोटनचा नाद लागतो तो रंगानेच, हे मला मान्य आहे. पण याच रंगाने भल्याभल्यांना चकवलंय. एकाच झाडाची एक कलम उघड्या अंगणात लाव, दुसरी जिन्याखाली. पावसाळा उलटला की दोन्ही कुंड्या शेजारी ठेव. सख्ख्या बहिणी आहेत असं कुणी म्हणणार नाही. एक लाल-नारिंगी, दुसरी बरीचशी हिरवी. शिवाय बहुतेक जातींचं कोवळं पान हिरवं-पिवळं निघतं आणि जून होता होता लाल, जांभळं, कधी काळपटसुद्धा होतं. म्हणून एका पानावरून निकाल द्यायचा नाही. शेंड्याचं, मधलं आणि बुडाचं अशी तीन पानं बघायची, आणि पाठीकडूनही बघायची.

आधी आकार. पान रुंद आहे की पट्टीसारखं अरुंद? सपाट आहे की देठापासून पीळ घेतलेलं? ममी नावाचं झाड पिळावरूनच ओळखू येतं, झांझिबार लांब, झुकलेल्या अरुंद पानांवरून. काहींना तीन पाळ्या असतात, त्यांना बागवाले ओकपानी म्हणतात. आणि सगळ्यात गमतीचं ते तुटक पान. अर्धं पान झालं की पातं संपतं, नुसती शीर पुढे जाते आणि तिच्या टोकाला आणखी एक छोटं पान लोंबतं. नवखी माणसं ते किडीने खाल्लंय समजून काढून टाकतात. तू काढू नकोस.

आकारानंतर रंगाची जागा बघ, रंग नव्हे. पिवळा शिरांवर आहे, कडेवर आहे, की ठिपक्यांनी सांडलाय? ऊन कमी-जास्त झालं की छटा बदलते, पण शिरेवरचा रंग ठिपक्यात जात नाही. गोल्ड डस्ट सावलीत फिका पडेल, ठिपके विरळ होतील, तरी राहील ठिपक्यांचाच. त्यानंतर देठाचा रंग, दोन पानांमधलं अंतर, झाडाची ठेवण. एवढं झालं की मग खुशाल रंगाचं कौतुक कर.

या झाडाबद्दल फार आधी लिहून ठेवणाऱ्यांत रुम्फियस येतो. डच कंपनीच्या नोकरीत तो अंबोन बेटावर राहायचा. मोलुक्का बेटांचा तो भाग या झाडाच्या मूळ मुलखातलाच. १६७० साली त्याची दृष्टी गेली, तरी इतरांकडून वाचून आणि लिहून घेत त्याने वनस्पतींचा आपला ग्रंथ तडीस नेला. तो छापून निघायला १७४१ उजाडलं, तेव्हा त्याला जाऊन चार दशकं होत आली होती. पुढे १८६० च्या दशकात व्हीच नावाच्या इंग्रज रोपवाल्या घराण्यातला एक जण दक्षिण समुद्रातल्या बेटांवरून नवे प्रकार घेऊन गेला, आणि काचघरांतून त्यांची चढाओढ लागली. नावांचा गोंधळ माझ्या मते तिथूनच वाढला. एकाच झाडाला प्रत्येक रोपवाटिकेने आपलं नाव चिकटवलं. आजही कुठल्याही नर्सरीत रुंद पान आणि ठळक शिरा दिसल्या की पेट्रा म्हणून मोकळे होतात.

तेव्हा नाव माहीत नसेल तर ठोकून देऊ नकोस. ‘अनोळखी, मालगुंड, गडग्यावरचं, आषाढ’ एवढं लिहिलं तरी पुरे. कुणाकडून आलं, कुठून आलं, उन्हातलं की सावलीतलं, हे चुकीच्या इंग्रजी नावापेक्षा लाखमोलाचं. मार्कर उन्हात उडून जातो. पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेलं टिकतं. त्याहून टिकाऊ हवं तर थंड पेयाचा डबा कापून त्या पत्र्यावर संपलेल्या बॉलपेनने कोरावं. एक पट्टी झाडाला सैल बांध, दुसरी कुंडीत मातीखाली पुर. वरची कधी ना कधी हरवतेच. शास्त्रीय नाव लिहायचं असेल तर ‘कोडिएअम व्हेरिएगेटम’ लिही, कारण वनस्पतिशास्त्रातला क्रोटन म्हणजे आपला जमालगोटा. दोघंही एरंडाच्या कुळातले, पण घरं वेगळी.

आता संगतीचं. क्रोटनवेडे चार जण जमले की दोन गटांत वाद झालाच पाहिजे. तू फोटोवरून वाद घालू नकोस. मोबाइल लालाला आणखी लाल करतो. दोघांकडची झाडं एकच की वेगळी, हे ठरवायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: दोन्हींच्या कलमा एकाच मातीत, एकाच उन्हात वर्षभर वाढवायच्या. तेवढा धीर नसणाऱ्याशी वाद घालून उपयोग नाही. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे गेलीस तर झाडांइतकंच माणसांकडे लक्ष ठेव. पाटी न वाचता जो पान उलटून बघतो, त्याच्याशी ओळख काढ.

कुणाच्या कुंपणावरची फांदी न विचारता मोडायची नाही. विचारलं तर कोकणात सहसा नाही म्हणत नाहीत, चहाही देतात. जाताना आपल्याकडची एखादी रुजलेली कलम घेऊन जा. आणि चांगली जात हाती आली की पहिल्याच वर्षी दोघा-तिघांना दे. तुझं झाड गेलं तर मागायला जागा राहते.

कलम करायला पावसाळ्याची सुरुवात उत्तम. वीतभर लांब, निबर होत आलेली फांदी घे, खालची पानं काढ, वरची मोठी असतील तर सुतळीने गोळा करून बांध. चीक पाण्यात धुऊन थांबू दे, मग वाळू आणि कोकोपीटमध्ये खोच आणि वरून पिशवी घाल. साधारण महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. दुर्मीळ झाड असेल तर मात्र गुटी कलमच बांध. फसली तरी फांदी बहुधा वाचते. त्या चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, काहींच्या अंगाला खाजही सुटते, तेव्हा जुनी साडी नेस आणि हात डोळ्यांना लावू नकोस. पोरांना पानं चघळू देऊ नकोस.

बी पेरलंस तर आईसारखं झाड येईलच असं नाही. जुन्या कुंपणाखाली आपोआप उगवलेली रोपं उपटून टाकू नकोस. त्यातलं प्रत्येक निराळं निघू शकतं. एखाद्या फांदीवर अचानक वेगळाच रंग आला तर तिची कलम कर, त्या कलमेची पुन्हा कलम कर, आणि रंग टिकला तरच नवीन म्हण. उलट रंगीत झाडावर निव्वळ हिरवी फांदी जोर करत असेल तर ती बुडातून काप, नाहीतर तीच झाड खाते.

नवीन आलेलं झाड लगेच बाकीच्यांत मिसळू नकोस. पंधरा-वीस दिवस लांब ठेव, पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो का बघ. देवाणघेवाणीत पिठ्या ढेकूण फुकट येतो. जागा बदलली की क्रोटन पानं टाकतो, त्याला घाबरून खत घालू नकोस, कुंडी बदलू नकोस. नखाने साल खरवडून बघ, आत हिरवं असेल तर थांब.

आणि निफाडच्या मैत्रिणीला कबूल केलेल्या कलमा दिवाळीनंतर धाडू नकोस. तिकडे थंडीत पारा दहाच्या पार खाली जातो, कोवळी मुळं तग धरायची नाहीत. होळी झाली की पाठव, आणि पट्ट्या दोन-दोन.