तलफेची नोंदवही

अभ्यासासाठी वाचन : गलतीकरांस पत्र ५:२२-२३, नीतिसूत्रे २४:१६

तंजावूरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालय मराठी वाचकाला नावाने तरी परिचित आहे. तेथील ताडपत्रे व मोडी कागद यांच्या भांडारात एक निराळाच ठेवा आहे : नेत्ररुग्णांच्या नोंदी. त्या दुसरे सरफोजीराजे भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळातील आहेत. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या हाताखाली शिकलेल्या या राजाने धन्वंतरी महाल स्थापून देशी व पाश्चात्त्य अशा दोन्ही वैद्यकांच्या अभ्यासाला आश्रय दिला. रुग्णाची तक्रार काय व उपचार कोणता, हे त्या नोंदींत लिहिले आहे; सोबत डोळ्यांची चित्रेही आहेत.

विकाराला न भिता व न लाजता तो नीट पाहावा आणि लिहून ठेवावा, ही दृष्टी विडी-सिगारेट सोडू पाहणाऱ्या आपल्या बंधूंच्या फार उपयोगाची आहे. पुष्कळदा असे घडते : मनुष्य शपथ घेतो, दोन दिवस तग धरतो, तिसऱ्या दिवशी ढळतो आणि आपला विश्वासच दुबळा आहे असे समजून गप्प बसतो. येथे विश्वासाइतकाच शरीराचाही विचार केला पाहिजे.

तलफ म्हणजे काय?

धुरातील निकोटीन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते. सुमारे दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. सिगारेट सोडल्यावर चिडचिड, अस्वस्थता व झोपमोड हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो व बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तिसऱ्या दिवशीचे ढळणे हे म्हणूनच नवल नव्हे; तो सर्वांत कठीण चढ असतो. एकेक तलफ मात्र साधारणपणे काही मिनिटांचीच असते. ती पुरविली नाही तरी ओसरते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

एका शब्दाचा विचार

आत्म्याच्या फळांत शेवटी ज्या गुणाचा उल्लेख येतो, त्याला मराठी शास्त्रात ‘इंद्रियदमन’ म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द ‘एंक्रातेइया’ हा ‘क्रातोस’, म्हणजे सत्ता किंवा सामर्थ्य, यापासून आला आहे. ‘दमन’ म्हणताच दडपणे डोळ्यांपुढे येते. मूळ शब्दाचा रोख स्वतःवर सत्ता असण्याकडे आहे. दडपलेली तलफ आतून धडका देते. ओळखलेली तलफ हाती धरता येते.

नोंद कशी ठेवावी?

लहानशी वही खिशात ठेवा. तलफ आली की चार गोष्टी लिहा : वेळ, ठिकाण, त्या क्षणी काय चालले होते, आणि ती किती मिनिटांनी गेली. लिहिताना घोट घोट पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, जागा बदला. आठवडाभरात शत्रूच्या वाटा दिसू लागतील : चहानंतर, जेवणानंतर, वादानंतर. मग त्या वाटांवर आधीच पहारा बसविता येतो.

औषधाची मदत घेणे हा अविश्वास नव्हे. निकोटीनचे च्युइंगगम व पट्ट्या २००९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. आपल्याला काय योग्य ते डॉक्टरांना विचारावे. भारत सरकारची १८००-११२-३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही २०१६ पासून सल्ला देते.

पाय घसरल्यास

नीतिसूत्रांतील नीतिमान मनुष्य सात वेळा पडतो, तरी त्याचे नीतिमानपण पडण्याने संपत नाही, तो उठतो. म्हणून एखादी सिगारेट ओढली गेली तर तीही वहीत लिहावी आणि त्याच तासापासून पुन्हा आरंभ करावा. घरच्यांनी टोमणा मारू नये. ‘आज किती तलफा परतविल्या?’ असे विचारावे. ज्या वैद्याने अपयशही लिहून ठेवले, तोच पुढच्या रुग्णाला शहाणा उपचार देऊ शकतो.

मननासाठी प्रश्न

१. माझी तलफ कोणत्या वेळी व कोणाच्या संगतीत येते?
२. मी ती दडपतो, की ओळखतो?
३. माझी नोंदवही मी कोणा एकाला दाखवू शकेन?